अस्सल परत द्यावे

गेल्या पावसाळ्यात माझे जुने जीपीएस यंत्र बंद पडले. मुठीत मावणारे, पिवळ्या कडेचे, दोन सेलवर चालणारे. बी.एड. करून नोकरीत जम बसल्यावर पहिल्या चार पैशांतून घेतलेली ती एकमेव हौसेची वस्तू होती.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. सुटी मिळाली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या मशिदी, दर्गे, विहिरी, कब्रस्ताने आणि फारसी शिलालेख शोधत फिरायचे, असा गेल्या बारा-तेरा वर्षांचा नाद आहे. मोबाईल असताना वेगळे यंत्र कशाला, असे मुले विचारतात. पाटणच्या आत, कोयनेच्या खोऱ्यात किंवा शिराळ्याच्या पश्चिमेला मोबाईलची रेंज जाते आणि त्याबरोबर त्याचा नकाशाही जातो. माझ्या यंत्रात नकाशा आतच होता. तो मी वेगळे पैसे देऊन विकत घेतला होता. निदान मला तसे वाटत होते.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडले, बोर्ड गेल्याचे सांगितले आणि नवीन घ्या म्हणाला. मी नवीन घेतले. जुन्या नकाशाची फाईल संगणकावर होती, ती नव्या यंत्रात टाकली. पडद्यावर सूचना आली की हा नकाशा या यंत्रासाठी अधिकृत नाही. मी विक्रेत्याला बिलाची प्रत पाठवली. उत्तर सभ्य भाषेत होते. तुमचा परवाना जुन्या यंत्राच्या क्रमांकाला जोडलेला आहे. यंत्र वॉरंटीत असताना आम्ही बदलून दिले असते तर परवानाही नव्या क्रमांकावर चढवला असता. आता नकाशा पुन्हा विकत घ्यावा लागेल.

रागापेक्षा मला नवल वाटले. मी पैसे दिले होते, बिल माझ्या नावावर होते, पण हक्क मात्र माझा नव्हता, यंत्राचा होता. यंत्र वारले, त्याच्याबरोबर हक्कही वारला. वारसा नाही.

परवाना कशाला बांधलेला असतो

ही व्यवस्था थोडी समजून घेऊ, कारण अनेक जण यात फसतात. अशा यंत्रांचे विकत मिळणारे नकाशे साधारण दोन तऱ्हांनी येतात. एक म्हणजे छोट्या मेमरी कार्डावर. त्यात कुलूप कार्डाला असते. कार्ड काढून त्याच बनावटीच्या दुसऱ्या चालणाऱ्या यंत्रात घातले की नकाशा दिसतो, पण फाईल दुसऱ्या कार्डावर उतरवली की दिसत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा नकाशा. प्रत्येक यंत्राला कारखान्यात एक क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून एक चावी तयार होते आणि ती फक्त त्याच यंत्राचे कुलूप उघडते. यंत्र बदलले की क्रमांक बदलतो आणि चावी निरुपयोगी होते. माझा नकाशा या दुसऱ्या जातीचा होता.

परवाना हा शब्द फारसी आहे. उर्दूत परवाना म्हणजे हुकूमनामा आणि परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. माझा परवाना दुसऱ्या अर्थाचा निघाला. एकाच दिव्याभोवती फिरला आणि दिव्याबरोबर संपला.

गंमत बाजूला ठेवू. एखादा हक्क माणसाला दिलेला असतो, जमिनीला दिलेला असतो की कागदाला, आणि त्यांपैकी एक बदलले तर हक्काचे काय होते, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. सातारा-सांगलीच्या जमिनीवर तो शतकानुशतके विचारला गेला आहे.

तालिक आणि अस्सल

आपल्या जमिनीची भाषा पाहा. नकाशा हा शब्द अरबी ‘नक्श’वरून आला, म्हणजे कोरलेले, उमटवलेले. तालुका म्हणजे ‘तअल्लुका’, संबंध, ताब्यातला मुलूख. मौजे म्हणजे ‘मौजा’, ठिकाण. जिल्हा हा ‘ज़िला’, मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. हद्द, इनाम, सनद, दप्तर हेही सगळे त्याच वाटेने आले आणि मराठी झाले. आज सातबाराच्या रांगेत उभा असलेला शेतकरी, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, हेच शब्द बोलतो.

या दप्तरी भाषेत एक ठरावीक मजकूर आहे, जो मला फार आवडतो. आदिलशाहीतल्या आणि पुढे शिवकाळातल्या इनामपत्रांत तो पुन्हा पुन्हा भेटतो. पत्राच्या शेवटी अधिकाऱ्यांना उद्देशून हुकूम असतो. त्याचा आशय असा: आज कामावर असलेल्या आणि पुढे येणाऱ्या कारकुनांनी या माणसाकडे दर साल नवे खुर्दखत मागू नये. या पत्राची तालिक लिहून घ्यावी आणि अस्सल त्याला भोगवट्यासाठी परत द्यावे.

खुर्दखत म्हणजे शब्दशः छोटे पत्र, सरकारी आज्ञेचा कागद. तालिक म्हणजे नक्कल. अस्सल म्हणजे मूळ. या चार ओळींत एक मोठी व्यवस्था आहे. हवालदार बदलेल, कारकून बदलेल, ठाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. नवा माणूस आला की तो विचारणारच, तुझा हक्क दाखव. त्याला दप्तरासाठी नक्कल मिळावी, पण मूळ कागद ज्याचा आहे त्याच्या घरीच राहावा आणि दर वर्षी त्याला दारोदार फिरावे लागू नये, ही त्या मजकुरामागची दृष्टी आहे.

हुकूम पुन्हा पुन्हा लिहावा लागे, त्याअर्थी तो मोडला जात असणार. शिवाय राजा बदलला किंवा इनामदार वारला की वारसाने नव्या नावाने सनद करून घ्यायची आणि त्यासाठी नजर भरायची, ही रीतही होतीच. मिरजेच्या दर्ग्यापासून खेड्यातल्या काझी-मुल्लाच्या चार बिघ्यांपर्यंत आणि देवळाच्या पुजाऱ्यापासून गावच्या जोशापर्यंत ती सगळ्यांना लागू होती. तेव्हाही परवाना आपोआप चढत नसे. पण निदान ‘अस्सल परत द्यावे’ हे तत्त्व कागदावर तरी होते.

१८४८ नंतर

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य डलहौसीने खालसा केले. छत्रपतींच्या दत्तक वारसाला मान्यता मिळाली नाही. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर राज्याचा परवाना एका रक्ताच्या नात्याला बांधलेला आहे, तो दत्तकावर चढत नाही, असे कंपनीने ठरवले.

मग इनामांची पाळी आली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले. गावोगावच्या इनामदारांना कागद दाखवायला सांगण्यात आले. तुझ्या आजोबाला हे कोणी दिले? त्याला देण्याचा अधिकार होता का? मधल्या काळात भोगवटा अखंड होता का? ज्यांच्या पेट्यांत अस्सल कागद होते ते तरले. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले, आगीत गेले किंवा भाऊबंदकीत हरवले त्यांची इनामे गेली. दख्खनमध्ये या चौकशीने जो असंतोष माजला त्याची चर्चा १८५७ च्या कारणांत इतिहासकार करतात.

१८६३ मध्ये सरकारने वेगळा मार्ग काढला. समरी सेटलमेंटच्या कायद्यांनी इनामदाराला सांगितले की ठरावीक वार्षिक रक्कम भरा, आम्ही फार खोलात शिरणार नाही आणि तुमची जमीन वारसाहक्काने जाणारी, हस्तांतर करता येणारी होईल. या रकमेतला एक भाग नजराणा या नावानेच ओळखला जाई. म्हणजे हस्तांतराच्या हक्कालाच किंमत लावली गेली. मशिदी आणि देवळांच्या इनामांना मात्र ही हस्तांतराची मुभा नव्हती.

माझ्या विक्रेत्याचे पत्र वाचताना मला हेच आठवले. नजराणा भरा, नवी सनद घ्या.

नकाशा जातो, टिपण राहते

याच काळात आपल्या गावांची मोजणी झाली. १८३५ मध्ये इंदापूरच्या कामापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली ती पुढे इलाखाभर गेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, प्रत्येकाला नाव आणा. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे ज्याला येत होते त्याला जमिनीचाही हिशेब येत होता. काटकोन पाहायला शंकू, लांबी मोजायला साखळी, म्हणून तिचे नाव शंकू-साखळी मोजणी.

शेतात उभा राहून मोजणीदार जो कच्चा आराखडा आणि आकडे लिहून घेई त्याला टिपण म्हणतात. अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंत इतक्या साखळ्या, इतके आणे. त्या टिपणांवरून पुढे कार्यालयात गाव नकाशा काढला जाई. भूमी अभिलेखच्या कार्यालयात आजही जुनी टिपणे, कित्येक मोडीत लिहिलेली, सांभाळलेली आहेत. हद्दीचा वाद आला की भूकरमापक टिपण मागवतो. कारण साधे आहे. नकाशा फाटला, आक्रसला, चुकीचा उतरवला गेला, तरी टिपणावरून तो पुन्हा काढता येतो. नकाशावरून टिपण मात्र नेमके परत मिळत नाही.

१९४८ मध्ये सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. राजा गेला, संस्थान गेले, जिल्ह्याचे नाव दोनदा बदलले. पण या दगडापासून त्या दगडापर्यंतच्या साखळ्या आणि आणे तेवढेच राहिले.

यंत्र बदलले तरी

मोजणी खरी असेल तर ती यंत्राच्या मरणाने मरत नाही, याचे मोठे उदाहरण देशाच्या पातळीवरचे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली तिचे मुख्य यंत्र म्हणजे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. लंडनहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला गेले. तिथल्या गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. शत्रूनेही अस्सल परत दिले, असे म्हणायला हरकत नाही. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे सरफोजी राजांच्या मराठी राज्यात, देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्ब्टनने तंबूत बसून सहा आठवडे ते ठोकून-वाकवून सरळ केले.

२० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले आणि जखमी यंत्रही आले. ते नव्याने उभे करण्यात ज्याचा हात होता तो माणूस अर्काटचा कारागीर होता, सय्यद मीर मोहसिन हुसैन. विलायतेहून आणलेला उपकरणकार बॅरो काम सोडून गेल्यावर मोहसिन यांनी त्या कारखान्याचा भार उचलला आणि १८४३ मध्ये गणिती उपकरणकाराचे पद त्यांना मिळाले. एव्हरेस्टचे नाव शिखराला लागले. मोहसिन हुसैन हे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात मला कधी दिसले नाही, म्हणून मी ते दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहितो.

मुद्दा असा की थिओडोलाइट मोडला, दुरुस्त झाला, त्याचे भाग बदलले, मालक बदलला, तरी आधीच्या वीस वर्षांचे कोन आणि अंतरे वहीत होती आणि पुढचे काम त्यांवर उभे राहिले. नवे यंत्र आले म्हणून कोणी जुन्या वह्यांना कुलूप घातले नाही.

कुलूप वेगळ्या तऱ्हेने आले. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे अनेक दशके सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. साताऱ्यातून ७४ अंश पूर्व रेखांश जातो, त्यामुळे जुन्या क्रमांकानुसार साताऱ्याचा परिसर ४७ जी आणि ४७ के या दोन शीटवर फाटलेला आहे, तर सांगली ४७ एल वर. २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१६ मध्ये तर असा मसुदा आला की परवान्याशिवाय भौगोलिक माहिती गोळा केली तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद. तो कायदा झाला नाही. २०१७ मध्ये लोकमालिकेचे नकाशे आधार क्रमांकावर मोफत उतरवून घेता येऊ लागले आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप तर लोकांनीच लोकांसाठी काढलेला नकाशा आहे. श्रेय द्या आणि कोणत्याही यंत्रात, कितीही वेळा उतरवा. माझ्या नव्या यंत्रात आज तोच आहे. त्यात दर्गा नसेल तर मी तो भरू शकतो, आणि भरतो.

बाभळीखालचा दगड

आता खरे नुकसान सांगतो. नकाशा गेला त्याचे दुःख चार हजारांचे होते. पण यंत्रात माझ्या स्वतःच्या चारेकशे खुणाही होत्या. त्या कुणाच्या परवान्याच्या नव्हत्या, पायाने चालून केलेल्या होत्या. त्यांची फाईल तारेने संगणकावर उतरवायला दोन मिनिटे लागतात आणि ती कोणत्याही यंत्रात उघडते. मी ती दोन वर्षांपूर्वी एकदा उतरवली होती. मधल्या दोन वर्षांच्या खुणा बोर्डाबरोबर गेल्या. विक्रेत्याला दोष देताना हा दोष माझा होता, हे मला कबूल केले पाहिजे.

हे घडले त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, केंद्राचे उमीद पोर्टल सुरू झाले. वक्फ मिळकतींची नोंद सहा महिन्यांत, जागेच्या भौगोलिक स्थानासह करायची होती. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या जमातीचे एक बुजुर्ग माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, दोन वर्सांमागं तुमी आमच्या कब्रस्तानात ते यंत्र घेऊन फिरला होता. कोपऱ्याचे दगड बघितले होते. आता रस्ता झाला, भराव पडला, दोन दगड दिसंनात.”

माझ्या पोटात गोळा आला. ती फेरी हरवलेल्या दोन वर्षांतलीच होती. “चाचा, यंत्र गेलं,” मी म्हणालो. ते गप्प बसले. मग मला आठवले की त्या दिवशी सेल उतरत आले होते, म्हणून मी चारही कोपऱ्यांचे आकडे शाळेच्या जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिले होते. रात्री अकरा वाजता वही सापडली, हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्यात.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवे यंत्र घेऊन गेलो. हातातल्या यंत्राची चूक तीन ते पाच मीटर असू शकते, झाडीखाली जास्त. आपली साखळी दहा मीटरची. म्हणजे अर्ध्या साखळीचा घोळ होऊ शकतो. असल्या यंत्राने हद्द ठरत नाही आणि ठरवूही नये. ती भूमी अभिलेखची मोजणीच ठरवेल. पण कुठे खणायचे हे ते सांगू शकते. एका कोपऱ्यावर काहीच मिळाले नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर बाभळीखाली, हातभर भराव काढल्यावर, दगडाचे डोके लागले. चाचांनी खाली बसून हाताने माती पुसली. मग मोजणीचा अर्ज दिला आणि टिपणाची नक्कल मागितली.

वाचणाऱ्यांपैकी कोणी असे यंत्र बदलणार असेल तर तीन गोष्टी सांगतो. नकाशा घेण्याआधी विचारा की परवाना कार्डाला आहे, यंत्राला आहे की तुमच्या खात्याला. जुने यंत्र चालू असतानाच आपल्या खुणा उतरवून घ्या. आणि महत्त्वाचे आकडे कागदावर लिहा. कागदाला कारखान्याचा क्रमांक नसतो.

चाचांनी माझी वही नेली होती. आठवड्याने ते शाळेत आले. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स त्यांनी जमातीच्या फाईलला लावली होती. वही माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, “ही तुमची, सर. नक्कल आमच्याकडं हाय.”